मेलेल्यांशी तुटलेली नाळ

मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना म्हणणाऱ्या पाद्र्यांना इंग्लंडच्या संसदेने 1547 मध्ये एका कायद्याने पेन्शन देऊन घरी बसवलं. त्यांच्यासाठी श्रीमंतांनी ठेवलेल्या जमिनी आणि पैसा सरकारजमा झाला.

तोवर लोकांची श्रद्धा साधी होती. माणूस मेला की बहुतेक वेळा तो थेट स्वर्गात जात नाही. मधल्या शुद्धिस्थानात पापं जाळून घेतो. मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केली, दानधर्म केला, की त्याची शिक्षा कमी होते. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट पंथाने ही समजूत मोडीत काढली आणि इंग्लंडच्या नव्या चर्चनेही ती नाकारली. धर्मशास्त्र बदललं खरं, पण बापासाठी काहीतरी करावं ही मुलाची ओढ कायद्याने कशी संपणार?

शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' हे नाटक रंगभूमीवर आलं ते 1600 च्या आसपास. त्यातलं बापाचं भूत सांगतं, की दिवसभर आपण आगीत पापं जाळत असतो. म्हणजे ते थेट त्या बाद झालेल्या शुद्धिस्थानातून आलेलं! आणि मुलगा हॅम्लेट शिकायला कुठे, तर विटेनबर्गला, ल्यूथरच्या गावी. हा खरंच बाप की बापाचं सोंग घेतलेला सैतान, हा हॅम्लेटचा घोळ प्रेक्षकांच्याही घरातला होता. शेक्सपिअर निकाल देत नाही, आणि तेच बरं.

मरणाऱ्यालाही आता स्वतःची तयारी स्वतःच करायची होती. 'चांगलं मरण' शिकवणाऱ्या पुस्तिका पंधराव्या शतकापासून खपत होत्याच. चित्रकार होल्बाइनची मृत्यूची चित्रमाला 1538 मध्ये लियॉनला छापली गेली. तिच्यात मृत्यू पोपला सोडत नाही, सम्राटाला सोडत नाही; म्हाताऱ्या नांगरवाल्याच्या घोड्यांना मात्र तो स्वतः चाबूक मारून हाकतो.

सगळ्यांवर कडी केली ती लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन (प्रमुख धर्मगुरू), कवी जॉन डन याने. कॅथलिक घरात वाढून तो प्रॉटेस्टंट धर्मगुरू झालेला. चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो, की शेवटच्या आजारात डनने अभ्यासिकेत कोळसे पेटवून घेतले, अंगावर कफन गुंडाळलं, डोक्यापाशी नि पायांपाशी गाठी मारल्या आणि लाकडी कलशावर डोळे मिटून चित्रकारासमोर उभा राहिला. ते चित्र त्याने उशाशी ठेवलं. 31 मार्च 1631 ला तो गेला. नंतर शिल्पकार निकोलस स्टोनने तसाच संगमरवरी पुतळा घडवला. 1666 च्या लंडनच्या आगीत जुनं कॅथीड्रल जळालं, पुतळा वाचला. तो आजही नव्या सेंट पॉल्समध्ये बघायला मिळतो.