माहिती परत आली, पण डिस्कची ओळख?

प्रतिनिधी

मार्चअखेरीच्या धावपळीत कार्यालयातील संगणकाची हार्ड डिस्क बंद पडते. बॅकअप असल्यामुळे नवी डिस्क आणून तिच्यावर सारी माहिती उतरवली जाते. फाइल्स जागच्या जागी दिसतात. पण संगणक सुरूच होत नाही. किंवा सुरू झाला तरी कालपर्यंत 'डी' असलेला ड्राइव्ह आज 'ई' झालेला असतो आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आपल्या फाइल्स सापडत नाहीत. माहिती शाबूत असूनही काम ठप्प होते, ते डिस्कची ओळख हरवल्यामुळे.

ओळख कोठे असते?

'सी', 'डी' ही अक्षरे डिस्कवर लिहिलेली नसतात. ती विंडोज देते. जुन्या, म्हणजे एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ४ बाइटची एक स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी आणि डिस्कवर विभाग जेथून सुरू होतो ती जागा, अशा जोडीपुढे कोणते अक्षर द्यायचे याची नोंद विंडोज आपल्या रजिस्ट्रीत ठेवते. नव्या जीपीटी पद्धतीत डिस्कला आणि प्रत्येक विभागाला १२८ बिटचा स्वतंत्र क्रमांक असतो. संगणक सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या नोंदीही याच खुणांवर अवलंबून असतात. खूण बदलली, की विंडोजच्या दृष्टीने ती डिस्क परकी ठरते.

याखेरीज विभाग फॉरमॅट करताना त्याला एक अनुक्रमांक मिळतो. काही सॉफ्टवेअरचे परवाने त्याला बांधलेले असतात. लिनक्समध्येही फॉरमॅट करताना मिळालेल्या यूयूआयडी क्रमांकावरूनच बहुधा विभाग जोडले जातात.

कोणता बॅकअप उपयोगी?

नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर नुसत्या फाइल्स उतरवल्या, तर यांपैकी कोणतीही खूण परत येत नाही. त्यासाठी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे 'इमेज' घ्यावी लागते. केवळ 'सी' विभागाची प्रतिमा उतरवली, तर पहिला सेक्टर मागेच राहतो. अनेक बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये मूळ स्वाक्षरी परत बसवण्याचा पर्याय असतो. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवताना तो निवडावा.

मात्र एकाच ओळखीच्या दोन डिस्क एकाच संगणकाला जोडू नयेत. विंडोज त्यांपैकी एकीला 'ऑफलाइन' ठेवते. ती हट्टाने सुरू केल्यास तिच्यावर नवी स्वाक्षरी लिहिली जाते आणि पुढे त्याच डिस्कवरून संगणक सुरू करताना अडचण येते. म्हणूनच प्रत तयार झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवावी आणि मगच संगणक सुरू करावा.

आधीच नोंद करा

डिस्क धडधाकट असतानाच तिची ओळख कागदावर उतरवणे हा सोपा उपाय आहे. विंडोजमधील 'डिस्कपार्ट' या साधनात डिस्क निवडून 'युनिकआयडी डिस्क' ही आज्ञा दिली, की क्रमांक दिसतो. याच आज्ञेने जुना क्रमांक पुन्हा देताही येतो. परंतु याच साधनात डिस्क पुसून टाकणाऱ्या आज्ञाही असल्याने ते जपून वापरावे. लिनक्समध्ये 'बीएलकेआयडी' ही आज्ञा क्रमांक दाखवते. कोणत्या ड्राइव्हला कोणते अक्षर आहे, हेही लिहून ठेवावे. केवळ अक्षरेच बदलली असतील, तर 'डिस्क मॅनेजमेंट'मधून ती पूर्ववत करता येतात.

कारखान्यात डिस्कला दिलेला अनुक्रमांक मात्र कोणत्याही बॅकअपमधून परत येत नाही. त्याला बांधलेला परवाना असेल, तर तो नव्याने सुरू करून घ्यावा लागतो.

बॅकअप घेतला म्हणजे काम संपले, असे नाही. वर्षातून एकदा तरी तो दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर उतरवून, मूळ डिस्क बाजूला काढून, संगणक सुरू होतो का हे पाहावे. परीक्षा व्हायचीच असेल, तर ती ३१ मार्चच्या आधी झालेली बरी.