विवाहाचा हक्क आणि मतपेटी

समलिंगी विवाहावर देशभर सार्वमत घेऊन त्याला मान्यता देणारा पहिला देश आयर्लंड. 22 मे 2015 रोजी सुमारे 62 टक्के मतदारांनी होकार दिला. तिथे राज्यघटना बदलायची तर सार्वमत घ्यावेच लागते. तत्कालीन आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी त्याच वर्षीच्या जानेवारीत आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले होते. त्यांचे वडिलांकडचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. 2017 मध्ये ते पंतप्रधान झाले. स्लोव्हेनियात मात्र 2015 च्याच डिसेंबरात मतदारांनी असा कायदा फेटाळला आणि 2022 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो हक्क दिला.

भारतीय राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. 1967 चा गोव्याचा जनमत कौलही खास कायदा करून घ्यावा लागला. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीसारख्या गावात थेट मत देता येते ते दारूच्या दुकानावर, उभी बाटली (दुकान राहू द्या) की आडवी बाटली (बंद करा)! पण दुकानाचा त्रास गावाला होतो. दोन प्रौढांच्या लग्नाने शेजाऱ्याचे काय जाते? मूठभरांचा हक्क बहुसंख्यांच्या मर्जीवर सोपवणे म्हणूनच गैर ठरते.

17 ऑक्टोबर 2023 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने मात्र विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगून समलिंगी विवाहाचा निर्णय कायदेमंडळावर सोडला. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात अशा विवाहाला मान्यता देणारा बदल सुचवणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्येच लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.