कीड मोजणार कोण?

सोयाबीन गुडघ्याएवढे झाले की अंबाजोगाईच्या परिसरातील रानारानांतून पाठीवरच्या पंपांची लगबग सुरू होते. एकराला दीडशे ते दोनशे लिटर पाणी विहिरीवरून वाहून आणायचे, त्यात औषध कालवायचे आणि दिवसभर पिकातून चालत राहायचे, असे हे काम. तेच काम ड्रोन नावाचे उडते यंत्र सुमारे दहा लिटर पाण्यात आणि आठ-दहा मिनिटांत उरकते. पावसाने ओढ दिली की ज्या जिल्ह्यात पिण्याच्या पाण्यासाठीही टँकरची वाट पाहावी लागते, तेथे या आकड्यांचा मोह पडावा यात नवल नाही.

या मोहापलीकडे एक गंभीर कारणही आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पुरुषभर उंचीच्या पिकात उभे राहून फवारा मारला की तो मारणाऱ्याच्याच तोंडावर येतो. तोंडाला बांधलेले फडके हे काही संरक्षण नव्हे. शिवाय ज्याच्या पाठीवर पंप असतो तो पुष्कळदा शेताचा मालक नसून रोजंदारीवरचा गडी असतो, ही गोष्ट धोरणांच्या चर्चेत सहसा येत नाही. ड्रोन त्या गड्याला विषाच्या धुक्यातून बाहेर काढतो. (त्याबरोबर त्याची रोजंदारीही जाते, हा प्रश्न वेगळा, पण तो आहे.)

शासनाने या बाबतीत दिरंगाई केली असे म्हणता येणार नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ड्रोनसंबंधीचे नवे नियम आले. त्याच वर्षी डिसेंबरात फवारणीची कार्यपद्धती ठरली. २०२२ मध्ये ४७७ कीटकनाशकांना ड्रोनद्वारे वापरण्याची तात्पुरती मुभा मिळाली, आणि २०२३ च्या अखेरीस महिला बचत गटांना ऐंशी टक्के, म्हणजे आठ लाख रुपयांपर्यंत अनुदान देणारी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना जाहीर झाली. यंत्र आले, परवाना आला, पैसाही आला. तथापि, फवारणी करावी की करू नये हे ठरविणारे या साखळीत कोण आहे, याचे उत्तर मात्र सापडत नाही.

ड्रोन हा हात आहे, डोळा नव्हे. त्याला कॅमेरा लावता येतो हे खरे. परंतु पानाखाली दडलेली अंडी वरून दिसत नाहीत, आणि गावात येणारा ड्रोन बहुधा टाकी घेऊन येतो, पाहणी करायला येत नाही. दोनशे लिटर पाण्यात मिसळायची औषधाची मात्रा जेव्हा दहा लिटरमध्ये मिसळली जाते तेव्हा ते द्रावण कित्येक पट तीव्र होते, आणि त्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर बांध ओलांडतात. बीड जिल्ह्यात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. रेशीम उत्पादनात हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे आणि अनेक कुटुंबांचा घरखर्च तुतीच्या पाल्यावर चालतो. शेजारच्या सोयाबीनवर उडविलेले औषध त्या पाल्यावर आले, तर संगोपनगृहातील अळ्यांचे सबंध पीक एका रात्रीत मरू शकते. एकाची कीड मारताना दुसऱ्याचे पीक मारले जाणार असेल, तर भरपाई कोणी द्यायची?

हवेतून विष टाकण्याचा अनुभव देशाला नवा नाही. केरळमधील कासरगोड येथे काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान सुमारे दोन दशके फवारले गेले. परिसरातील खेड्यांत आजार व व्यंगे यांची मालिका पुढे आली, आणि अखेर २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी घातली. कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीपूर्वी किमान २४ तास आधी लोकांना सूचना देण्याची तरतूद आहे. ती गावपातळीवर कितपत पाळली जाते, हे तुती लावणाऱ्यांनाच विचारावे.

याच्या नेमक्या उलट दिशेने चाललेला एक प्रयत्न येथे नमूद केला पाहिजे. अमेरिकेत २०१० मध्ये नेथन मिरवोल्ड यांनी डास टिपणारे लेसर किरणांचे कुंपण जाहीरपणे दाखविले. पुढे तीच कल्पना फ्लोरिडातील लिंबूवर्गीय फळबागांच्या किडीवर अजमावली गेली. जपानमध्ये ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ च्या आरंभी उडत्या पतंगावर निळ्या लेसरचा नेम धरून तो पाडल्याचे जाहीर केले. पतंगाच्या वेड्यावाकड्या उड्डाणातील पुढचे स्थान ०.०३ सेकंद आधी वर्तविणारी पद्धत तेथील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने बसविली आहे. हा पतंग कोणता, हे मराठवाड्यातील वाचकाने लक्षपूर्वक ऐकावे: तंबाखूवरील पाने खाणारी अळी, म्हणजेच स्पोडोप्टेरा. २००८ च्या खरिपात राज्यातील सोयाबीन या अळीने फस्त केले, आणि त्यानंतरच राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू झाला.

लेसर उद्या अंबाजोगाईच्या बांधावर उभा राहील असे समजण्याचे कारण नाही. खोडात शिरलेला चक्रीभुंग्याचा किडा किंवा बोंडात बसलेली गुलाबी अळी त्याला दिसणारच नाही. मधमाशी आणि पतंग यांतला फरक त्याने दर वेळी बिनचूक ओळखला पाहिजे, आणि किरणाच्या वाटेत माणसाचा डोळा येता कामा नये. खर्चाचा हिशेब तर अजून प्रयोगशाळेबाहेरही आलेला नाही. परंतु त्या यंत्राच्या रचनेतच एक शिस्त आहे: आधी पाहिल्याशिवाय त्याला मारताच येत नाही. फवाऱ्याला ही अट नाही.

पाहण्याची विद्या मात्र महाग नाही. स्पोडोप्टेराची मादी पानाच्या मागील बाजूस पुंजक्याने शेकडो अंडी घालते व ती तपकिरी केसांनी झाकते. नुकत्याच निघालेल्या अळ्या एकत्र राहून त्याच पानाचा हिरवा भाग खरवडतात. पान जाळीसारखे दिसू लागते. ते एक पान तोडून बुडविले की शेकडो अळ्यांचा निकाल लागतो, तोही एक थेंब विष न वापरता. अळ्या मोठ्या होऊन पांगल्या की मग फवारणी, तीही परिणामकारक होईलच असे नाही. मीटरभर ओळीत तीन-चार अळ्या आढळल्या तरच औषधाचा विचार करावा, असा मापदंड कृषिशास्त्राने घालून दिला आहे. प्रत्यक्षात शेजाऱ्याने फवारले म्हणून आपण फवारायचे, किंवा दुकानदाराने बाटली दिली म्हणून फवारायचे, हाच मापदंड चालतो.

अडचण मनुष्यबळाची आहे. एका कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात. आठवड्याची पाहणी त्याच्याने शेताशेतांत होणे अशक्य. अंबाजोगाईत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे महाविद्यालय आहे आणि तालुक्यात कृषी विज्ञान केंद्रही आहे. पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी खेड्यांत राहतात. जुलै ते सप्टेंबर या काळात त्यांच्याकडे ठरावीक गावांतील सापळे व ओळी मोजण्याचे काम सोपविले आणि त्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले, तर ड्रोन कोठे पाठवायचा आणि कोठे नाही, हे गावालाच ठरविता येईल. गावच्या नकाशावर तुतीची शेते दाखविण्याचे कामही त्याच वहीत होऊ शकते.

राहिला प्रश्न ड्रोन चालविणाऱ्या बचत गटांचा. त्यांची कमाई एकरावर ठरते. जितके एकर फवारले तितके पैसे. ज्या शेतात फवारणीची गरजच नाही असे आढळते, त्या शेताचे त्यांना काहीच मिळत नाही. अशा व्यवस्थेत ‘आज नको’ हा सल्ला त्या देतील अशी अपेक्षा करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. अनुदानाच्या आठ लाखांतला थोडा भाग पाहणीच्या मेहनतान्यासाठी, एकरी पाचपंचवीस रुपये का होईना, राखून ठेवला तर पान उलटून पाहण्याचे काम त्याच महिला करतील. त्यांतील पुष्कळजणींचा जन्म खुरपणीत गेलेला असल्याने ते त्यांना शिकवावेही लागणार नाही.