आवाज गेला, अक्षरांचे चौकोन झाले

रविवारी संगणक कक्षातून घरी व्हिडिओ कॉल लावला. आई दिसत होती, तिचे ओठ हलत होते, पण आवाज नाही. त्याच आठवड्यात या मराठी पानाचा मजकूर शेजारच्या यंत्रावर उघडला, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. दोन्ही वेळा कोणीतरी म्हणालेच, "लिनक्स पुन्हा टाकू या." कृपा करून तसे करू नका. त्यात सगळ्यांच्या फाइल्स जाण्याचा धोका असतो, आणि दोष बहुतेक वेळा एखाद्या सेटिंगचा निघतो.

लिनक्समध्ये आवाज दोन थरांतून जातो. खाली कर्नलमधली 'अल्सा' साउंड कार्ड चालवते. वर 'पल्सऑडिओ' किंवा नव्या यंत्रांवर 'पाइपवायर' वेगवेगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून खाली पाठवते. शोध वरून सुरू करावा. सेटिंग्जमध्ये 'साउंड' उघडून आउटपुट कोणते निवडले आहे ते पाहा. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला असला की आवाज पुष्कळदा तिकडे जातो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. आमच्याकडे हेच झाले होते.

तिथे सगळे ठीक असेल तर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवा आणि एफ६ दाबून खरे साउंड कार्ड निवडा. ते न निवडल्यास बहुधा एकच पट्टी दिसते आणि सगळे चालू आहे असा गैरसमज होतो. ज्या पट्टीखाली 'एमएम' दिसेल ती बंद आहे. तिच्यावर जाऊन एम दाबा. 'ऑटो-म्यूट' चालू असेल तर खोचून राहिलेल्या हेडफोनमुळेही स्पीकर गप्प बसतात. पिन काढून पाहणे मात्र सगळ्यात शेवटी सुचते!

आता चौकोन. मजकूर शाबूत असतो, फक्त ती अक्षरे काढणारा फॉन्ट यंत्रावर नसतो. या चौकोनांना 'तोफू' म्हणतात. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचे नाव 'नो तोफू'वरूनच पडले. 'नोटो सॅन्स देवनागरी' किंवा 'लोहित मराठी'ची फाइल मिळाली की तिच्यावर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबा. फॉन्ट आपल्याच खात्यात बसतो, त्यामुळे सहसा सरांकडे पासवर्ड मागावा लागत नाही. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

तरीही ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात. युनिकोडमध्ये दोन्ही भाषांच्या ल चा क्रमांक एकच आहे. वळण फॉन्ट ठरवतो. लिबरऑफिसच्या भाषा सेटिंगमध्ये हिंदीऐवजी मराठी निवडा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे आहेत तो आपले वळण दाखवतो.

'दऱ्या'चा 'दर्या' झाला असेल तर मात्र फॉन्टला दोष देऊ नका. ती टंकलेखनाची चूक आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ येतो; त्यानंतर हलन्त आणि य.