जुन्या रेडिओ-संचांचा कालनिर्णय

पोथी हातीं आली कीं संशोधक प्रथम तिचें शेवटचें पान उलटतो. तेथें पुष्पिका असल्यास लेखकाचें नांव, शक, तिथि व स्थळ हीं एकदम कळतात. नसल्यास कागद, शाई व अक्षरवळण यांवरून अनुमान करावें लागतें. आमचें म्हणणें असें कीं, जुन्या घरांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ हाहि असाच वाचतां येण्याजोगा लेख आहे, आणि तो कोणी वाचण्यापूर्वींच नष्ट होत आहे.

ज्या पृष्ठांवर ताम्रपट व बखरी छापावयाच्या तेथें रेडिओचें काय प्रयोजन, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांनीं पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावें. कै. दिनकर गंगाधर केळकर ('अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे) यांनीं १९२० च्या सुमारास समया, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तु जमविण्यास आरंभ केला, तेव्हां बहुतेकांच्या लेखीं ती मोडच होती. समईवर एक अक्षर नसतें, तरी घडणीवरून तिच्याविषयीं पुष्कळ सांगतां येतें. रेडिओवर तर आंतबाहेर अक्षरेंच अक्षरें असतात.

प्रथम पुढील काचेची पट्टी पाहावी. मुंबईचें केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें. १९३० सालीं तें सरकारकडे आलें, व १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओ हें नांव पडलें. अगदीं आरंभींच्या संचांच्या तबकडीवर बहुधा केवळ अंक असत. केंद्रांचीं नांवें मागाहून आलीं, व तींच आपल्या उपयोगाचीं. लाहोर केंद्र १९३७ चें, ढाक्याचें १९३९ चें, नागपूरचें १९४८ चें आणि पुण्याचें १९५३ चें. सबब, ज्या काचेवर ढाका आहे ती १९३९ च्या अखेरीपूर्वींची सहसा असूं शकत नाहीं. पुणें असल्यास १९५३ ही पूर्वसीमा धरावी. उलट दिशेनें मात्र जपून चालावें. नागपूर दिसत नाहीं म्हणून संच १९४८ पूर्वींचा, हें अनुमान दुबळें आहे. कारण पट्टीवर जागा थोडी असे, आणि कारखानदार जुनीच काच पुढेंहि वापरीत. शिलालेखांत एखाद्या राजाचें नांव नाहीं एवढ्यावरून तो राजा झालाच नाहीं, असें म्हणणाऱ्यांची पंक्ति आम्हांस वाढवावयाची नाहीं.

याहून बोलका पुरावा पाठीमागची फळी काढल्यावर मिळतो. युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हवर 'ईसीएच', 'यूएल', 'डीके' अशीं अक्षरें व पुढें अंक असतात. ही संकेतलिपि १९३४ सालीं ठरली. तिचें पहिलें अक्षर व्हॉल्व्हची तार कशी तापवावयाची तें सांगतें: 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, 'यू' म्हणजे एका माळेंत जोडलेले, १०० मिलिअँपिअर प्रवाहाचे, 'डी' म्हणजे अवघे १.४ व्होल्ट. पुढचीं अक्षरें कार्य सांगतात. 'एल' असेल तर आवाज मोठा करून कर्ण्यास देणारा, 'झेड' असेल तर घरांतील उलटसुलट प्रवाह एकाच दिशेस वळविणारा. आतां अर्थ लावूं. 'यू' वर्गाचा संच ए. सी. व डी. सी. या दोन्ही पुरवठ्यांवर चालावा म्हणून केलेला असतो. 'डी' वर्गाचा संच बॅटरीवर चालणारा, म्हणजे बहुधा वीज न पोंचलेल्या गांवचा किंवा तशा घराचा. अमेरिकन व्हॉल्व्हवर आरंभीं अंक असतो, व तेथें '१' हा अंक तीच साक्ष देतो. एका गांवांत वीज केव्हां आली हें ग्रामपंचायतीच्या दप्तरांत सांपडेल. पण वीज येण्यापूर्वीं तेथें बातम्या कोणी ऐकल्या, हें सांगणारा कागद आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं.

कागदाची गोष्ट निघालीच आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानें परवान्यावांचून संच बाळगणें गुन्हा ठरला. परवाना टपालकचेरींत मिळे व त्याचें नूतनीकरणहि तेथेंच होई; १९८० नंतरच्या दशकांत ही पद्धति बंद झाली. परवान्याच्या पुस्तिकेंत मालकाचें नांव, पत्ता, शुल्काचीं तिकिटें व तारखेचे शिक्के असतात. संचाची खरी पुष्पिका हीच. देशाचीं टपालाचीं व महसुलाचीं तिकिटें छापणारें मुद्रणालय १९२५ सालीं नाशिक रोड येथें स्थापन झालें. त्यामुळें नाशिककरांस तरी या पुस्तिकांचें ममत्व असावें. परंतु तिकिटांचे संग्राहक तेवढीं तिकिटें भिजवून काढतात आणि पुस्तिका टाकून देतात. चित्र कापून घेऊन पोथी गंगार्पण करण्यासारखाच हा प्रकार होय.

दुसरें संकट हौसेचें आहे. पंचवटींतील एका वाड्यांत आम्हीं पाहिलेल्या संचाच्या पेटीला आंतून दुरुस्ती करणाऱ्यानें शिसपेन्सिलीनें तारखा व बदललेल्या भागांचीं नांवें लिहिलीं होतीं; अठरा वर्षांच्या अकरा नोंदी होत्या. पुढील खेपेस गेलों तों पेटीला नवें पॉलिश होतें, आंतील सर्व यंत्र भंगारांत गेलें होतें, व त्या जागीं मोबाइलवरील गाणीं वाजविणारा नवा कर्णा बसविला होता. घरच्या मंडळींनीं तो मोठ्या कौतुकानें वाजवून दाखविला.

संच चालू करून पाहण्याचा मोह तर सर्वांस होतो. तो आवरावा. जुने कागदी व मेणाचे कपॅसिटर कालांतरानें गळके होतात, तारांवरील रबर कडक होऊन तडकतें, आणि वीज देतांच ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. 'यू' वर्गाच्या संचांत आंतील लोखंडी सांगाडाच विजेच्या एका तारेस जोडलेला असतो. त्यास हात लावणें जिवावर बेतेल. शिवाय एक भाग बदलणें म्हणजे मूळ पाठांत शुद्धि करणें होय. ती करणेंच प्राप्त झालें तर काढलेला भाग कागदाच्या पुडींत, तारीख घालून, त्याच पेटींत ठेवावा.

संग्रहांत नोंद करतांना काचेवरील नांवें व सर्व व्हॉल्व्हवरील अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. सांगाड्यावरील क्रमांक, आंतील हस्तलेख व चिकटविलेल्या चिठ्ठ्या यांचीं छायाचित्रें धूळ झाडण्यापूर्वीं घ्यावीं. आणि संच देणाऱ्यास परवान्याची पुस्तिका व खरेदीची पावती यांविषयीं त्याच भेटींत विचारावें. तीं बहुधा देवघराच्या फडताळांत, जन्मपत्रिकांच्या गठ्ठ्यांत सांपडतात.