हौदाचे दोन नळ आणि तापलेली गाडी

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी सासऱ्यांची, १९९७ सालची, चार सिलिंडरांची, कार्ब्युरेटर असलेली. सपाटीवर ती छान चालत होती. खंबाटकीचा घाट चढू लागलो आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. वर पोचून थांबलो, तर इंजिन धड चालू राहीना. पाय काढला की थरथरायचं, मध्येच एखादा ठोका चुकवायचं आणि बंद पडायचं. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारत होती.

त्याआधीच्या वर्षभरात रेडिएटर बदलून झाला होता, वॉटर पंप नवा बसवला होता आणि ‘गाडी थंड राहील’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. आता गॅरेजमधून निदान आलं : हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून सासरे म्हणाले, “एवढे पैसे घालण्यापेक्षा भंगारात देऊन टाकू.” मी इंजिनांचा तज्ज्ञ नाही. पण भंगारात देण्यापूर्वी आठवडाभर गाडी माझ्याकडे ठेवू द्या, असं मी त्यांना म्हणालो.

शाळेतलं हौदाचं गणित तुम्हाला आठवत असेल. एका नळानं पाणी येतं, दुसऱ्यानं जातं. हौद किती वेळात भरेल? गाडीचं तापणं हे तेच गणित आहे, फक्त पाण्याच्या जागी उष्णता आहे. पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानानं पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, एक तृतीयांशाच्या आसपास धुराबरोबर जाते, आणि साधारण तेवढीच इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. घाट चढताना गाडी तासाला सहा लिटर पेट्रोल पीत असेल, तर पाण्याला दर सेकंदाला सुमारे १८ किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे नऊ गिझर एकाच वेळी चालू! ही सगळी उष्णता रेडिएटरनं हवेत टाकायची.

आता गंमत बघा. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट या तिन्ही दुरुस्त्या जाणाऱ्या नळाच्या होत्या. येणाऱ्या नळाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

अर्थात जाणारा नळ नीट आहे हे गृहीत धरून चालणार नव्हतं. प्रयोगशाळेतल्या डिजिटल थर्मामीटरचे दोन प्रोब रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाइपांना चिकटपट्टीनं बांधले. आत पाणी फिरत नसेल, तर दोन टोकांत खूपच फरक पडेल. जाळीतून हवा जात नसेल, तर फरक जवळजवळ नसेल. आमच्याकडे आठ-नऊ अंशांचा फरक आला. रेडिएटर आपलं काम करत होता.

मग गॅस्केट. हेड गॅस्केट फाटलं की सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायची आणि पाण्यात बुडबुडे सतत येत राहतात का ते पाहायचं. (हे गरम गाडीवर कधीही करू नये. ते झाकण म्हणजे कुकरच्या शिट्टीचा भाऊ आहे. त्याच्या दाबामुळे पाणी ११० अंशांच्या वरही न उकळता राहतं. झाकण उघडताच दाब जातो आणि ते पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन अंगावर येतं.) आमच्या गाडीत बुडबुडे नव्हते. महिनाभर पाण्याची पातळीही उतरली नव्हती, आणि ऑइलची काठी काढून बघितली तर ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. एकेका लक्षणावरून खात्री देता येत नाही, पण तिन्ही एका बाजूला उभी राहिली तर हेड उतरवण्याची घाई कशाला?

उरला येणारा नळ. इथे मला एक शंका सुचली आणि खरं सांगायचं तर ती मला फार आवडली. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. जुन्या कार्ब्युरेटरची छिद्रं नुसत्या पेट्रोलच्या हिशेबानं पाडलेली, म्हणजे या मिश्रणाला हवा जास्त मिळणार. मिश्रण विरळ झालं की ते संथ जळतं, इंजिन तापू शकतं आणि थरथरतंही. दोन्ही लक्षणांना एकच कारण! कार्ब्युरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तरी हेच होईल. संथ चालणारं इंजिन हवा मुळातच थोडी घेतं, त्यामुळे मिनिटाला दहा लिटरची गळतीही त्याला भारी पडते. वेगात चालताना तीच गळती जाणवत नाही. सगळं कसं जुळत होतं.

पण याची परीक्षा अगदी सोपी आहे. गाडी थरथरत असताना चोक किंचित ओढायचा. चोक हवा अडवतो, त्यामुळे मिश्रण दाट होतं. दोष विरळपणाचा असेल तर इंजिन सावरायला हवं. मी चोक ओढला, आणि इंजिन आणखी अडखळून बंद पडलं. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. माझी आवडती शंका पाच मिनिटांत निकालात निघाली.

म्हणजे पेट्रोल पुरेसं येत होतं, पण ते पेटवण्यात गडबड होती. ठिणगी पडल्यावर सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला सुमारे दोन मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगानं तेवढ्या वेळात क्रँक जवळजवळ १० अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. उशीर झाला तर मिश्रण पिस्टन खाली जात असताना जळत राहतं. त्यातून ढकलण्याचं काम कमी होतं आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींना आणि एक्झॉस्टच्या वाटेला जाते. या वाटेभोवतीही पाणीच खेळत असतं. शिवाय घाटात तेवढीच ताकद मिळवायला चालक पाय आणखी दाबतो. येणारा नळ दोन्ही बाजूंनी मोठा होतो. संथ चालीत तर सिलिंडरमध्ये आधीच्या फेरीचा धूर बराच उरलेला असतो, ज्योत आणखी रेंगाळते, आणि प्रत्येक ठोका वेगळा पडतो.

आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांकडे टायमिंग लाइट होता. त्यांनी पुलीवरची खूण बघितली. ठिणगी दहाऐवजी जेमतेम दोन अंश आधी पडत होती. “सर, पॉइंट बघू,” म्हणत त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत सीबी पॉइंटची जोडी असते. फिरणारा कॅम एका फायबरच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी ठिणगी पडते. ती टाच झिजली होती. टाच झिजली की कॅम तिच्यापर्यंत उशिरा पोचतो, म्हणजेच ठिणगी उशिरा पडते. फिलर गेज घालून पाहिलं : फट ०.४५ मिलिमीटर हवी, होती ०.२५. वहीच्या दोन कागदांएवढा फरक! त्यापायी रेडिएटर गेला, पंप गेला आणि गाडीही भंगारात चालली होती.

नवे पॉइंट दोन-तीनशे रुपयांत आले. काकांनी टायमिंग लावलं. मागं कुणीतरी थरथर लपवायला स्लो स्पीडचा स्क्रू पिळून ठेवला होता, तो सैल केला. थर्मोस्टॅट मात्र मी नवा आणून परत बसवायला लावला, कारण थंड इंजिनही नीट चालत नाही. बसवण्याआधी तो घरी पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरबरोबर दोऱ्यानं टांगून तापवला. ८२ अंशांना त्यातलं मेण वितळून झडप हळूच उघडू लागली. वर्गात करून दाखवायला हा प्रयोग फार छान आहे.

जूनमध्ये पुन्हा खंबाटकी चढलो. काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि तिथेच राहिला. टाच इतकी का झिजली, हेही काकांनी दाखवलं होतं. कॅम कोरडा ठणठणीत होता. काडीच्या टोकावर मोहरीएवढं ग्रीस घेऊन त्यांनी तो माखला आणि म्हणाले, “एवढंच लावायचं. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं, की पुन्हा मिसिंग.”