विश्लेषण : फोनची भाषा मराठी केली की ॲप का अडखळते?

फोन नवा, नेटवर्क पूर्ण, ॲपही अपडेट केलेले. तरीही फॉर्म भरून ‘पुढे’ दाबले की ‘तारीख चुकीची आहे’ असा संदेश येतो. पुन्हा भरले, तरी पुन्हा तेच. शेजारच्याच्या तशाच फोनवर मात्र तेच ॲप सुरळीत चालते. फरक एवढाच, की त्याच्या फोनची भाषा इंग्रजी आहे. वापरणाऱ्याला वाटते आपलेच काही चुकतेय. प्रत्यक्षात ही चूक ॲप बाजारात येण्याआधी, चाचणीतच सापडायला हवी होती.

नेमके काय घडते?

ॲप तारीख, रक्कम किंवा क्रमांक सर्व्हरला पाठवते, तेव्हा आधी त्याचा मजकूर तयार करते. अँड्रॉइडमध्ये हे काम करणाऱ्या ‘स्ट्रिंग फॉरमॅट’सारख्या सुविधा, प्रोग्रॅमरने वेगळे सांगितले नाही तर, फोनची भाषा पाहून आकडे लिहितात. कोणत्या भाषेत कोणते आकडे वापरायचे हे युनिकोडच्या ‘सीएलडीआर’ या माहितीसंचातून ठरते. त्यात मराठीसाठी देवनागरी आकडे हीच मूळ निवड आहे.

म्हणजे इंग्रजी फोनवरून सर्व्हरला इंग्रजी आकड्यांतली तारीख जाते आणि मराठी फोनवरून ‘२०२५-०६-१५’ अशी. माणसाला दोन्ही सारख्याच. संगणकाच्या लेखी मात्र इंग्रजी शून्याचा संकेतांक ४८ आणि मराठी शून्याचा २४०६. फक्त इंग्रजी आकडेच ओळखणारा सर्व्हर दुसरी तारीख नाकारतो. कधी ॲप तिथल्या तिथे बंद पडते.

गंमत अशी, की हिंदीत हा घोळ सहसा होत नाही. लिपी तीच, पण सीएलडीआरमध्ये हिंदीची मूळ निवड इंग्रजी आकड्यांची आहे. त्यामुळे हिंदीत तपासून ‘भारतीय भाषा झाल्या’ अशी टिकमार्क करणाऱ्या टीमला ही चूक दिसणारच नाही.

हे प्रोग्रॅमरना माहीत नसते?

माहीत असायला हवे. अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तावेजातच फोनच्या भाषेवर विसंबून यंत्रासाठीचा मजकूर तयार करू नका, असा इशारा आहे. तिथे तुर्की भाषेचाही दाखला आहे. तुर्कीत ‘आय’ या इंग्रजी अक्षराची बिंदूसह आणि बिंदूविना अशी दोन रूपे आहेत, त्यामुळे लहान-मोठ्या अक्षरांची अदलाबदल करताना शब्दच बदलतो. कोड तपासणारे ‘लिंट’ हे साधनही अशा ओळींवर पिवळी खूण करते. पण पिवळ्या खुणांकडे रिलीजच्या आदल्या रात्री कोण पाहतो?

मग चाचणीत सुटते कसे?

कारण चाचणीची सगळी साखळी बहुधा इंग्रजीतच असते. प्रोग्रॅमरचा लॅपटॉप इंग्रजीत, संगणकावरचा आभासी फोन म्हणजे एम्युलेटर इंग्रजीत, रात्री आपोआप चालणाऱ्या चाचण्याही इंग्रजीत. एखादी चाचणी हजार वेळा उत्तीर्ण झाली तरी ती त्या एकाच भाषेपुरती.

बाहेरच्या माणसांकडून तपासून घ्यायची सोय आहे. ॲपलच्या ‘टेस्टफ्लाइट’वर बाहेरचे १०,००० जणांपर्यंत वापरकर्ते जोडता येतात. गुगलने तर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना प्ले स्टोअरवर येण्यापूर्वी सलग १४ दिवसांची ‘क्लोज्ड टेस्ट’ सक्तीची केली. सुरुवातीला त्यासाठी २० परीक्षक लागत, आता १२ पुरतात. पण हे बारा जण एकाच हॉस्टेलचे, फोन इंग्रजीत असलेले मित्र असतील, तर नियम पाळला जातो आणि चूक तशीच राहते.

अँड्रॉइडमध्ये चाचणीसाठी एक बनावट भाषाही मिळते. ती इंग्रजी अक्षरांवर चिन्हे चढवते, वाक्ये लांबवते, त्यामुळे बटणात न मावणारा मजकूर लगेच उघडा पडतो. आकडे मात्र ती बदलत नाही. इथे फोन खरोखरच मराठीत ठेवून तपासण्याला पर्याय नाही.

असे तपासले की आणखीही काही हाती लागते. बटणाची उंची बांधलेली असेल तर वेलांटी आणि मात्रा वरून छाटल्या जातात. ‘क्षितिज’ हे नाव आपल्याला तीन अक्षरांचे वाटते, पण कोडमध्ये ते सात चिन्हांचे असते. त्यामुळे नावाची मर्यादा २० ठेवली, तर मराठी नावे अर्ध्यात तुटतात. आणि मराठी कीबोर्डवरून कुणी मोबाइल क्रमांक देवनागरी आकड्यांत टाकला, तर तो स्वीकारून आत बदलून घेणे हे ॲपचे काम आहे.

दुरुस्ती किती अवघड?

आकड्यांपुरती, फार नाही. सर्व्हरला जाणाऱ्या मजकुरासाठी ‘लोकेल रूट’ असे स्पष्ट लिहायचे, पडद्यावर दिसणाऱ्यासाठी फोनचीच भाषा ठेवायची. बहुतेकदा एका ओळीत एका शब्दाची भर. अवघड आहे ते अशा सगळ्या ओळी शोधणे. म्हणून काही जण सोपा मार्ग घेतात आणि संपूर्ण ॲपवरच इंग्रजी लादतात. तक्रार बंद होते, पण पडद्यावरची मराठीही जाते.

वापरणाऱ्यांनी काय करावे?

अँड्रॉइड १३ पासून सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. ॲपने ती सोय दिली असेल, तर तेवढ्याच ॲपसाठी इंग्रजी निवडावी. नसेल तर फोन तात्पुरता इंग्रजीत करून काम उरकावे. त्यानंतर ॲपच्या ‘मदत’ विभागात किंवा प्ले स्टोअरवर तक्रार नोंदवताना ‘ॲप चालत नाही’ एवढेच लिहू नये. फोनची भाषा मराठी असताना चालत नाही आणि इंग्रजीत चालते, हेही लिहावे. तेवढ्यावरून प्रोग्रॅमरला ती ओळ सापडू शकते.